सालासकट ओंडक्यांच्या महालात एक रात्र

आधी मनसोक्त खोकून घ्या. लाजायचं कारण नाही, गाडीतले बाकीचेही तेच करताहेत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा पांढुरका फुफाटा सकाळपासून तुमच्या नाकात, कानात, दातांच्या फटींत आणि कॉलरच्या आत जाऊन बसलाय. अंगावरचा हा लिननचा लांब डगला धुळीसाठीच आहे. सकाळी त्याचा रंग कोणता होता, हे आता शपथेवर सांगता येणार नाही. समोरच्या बाईंनी टोपीवरून हनुवटीखाली जाळी बांधली आहे आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवलाय. त्या हसताहेत की रडताहेत, काही कळत नाही.

साल १९०९, महिना जुलै. तुम्ही आगगाडीने गार्डिनर नावाच्या गावी उतरलात आणि साडेपाच दिवसांच्या फेरीवर निघालात. पिवळी गाडी, चार घोडे, दाटीवाटीने अकरा प्रवासी. मोटार नाही का, म्हणून विचारू नका. मोटारीला या उद्यानात शिरायला अजून सहा वर्षं आहेत. तोवर चाकाखाली आलेला प्रत्येक दगड तुमच्या माकडहाडाला येऊन भेटणार. चढ आला की गाडीवान लगाम खेचतो, मागे वळतो आणि अगदी अदबीने म्हणतो, "मंडळी, जरा पाय मोकळे करता का?" म्हणजे उतरा आणि चाला. पैसे तुमचे, पण काळजी घोड्यांची.

या गाडीवानांना इथल्या बोलीत ‘सॅव्हेज’ म्हणतात, आणि तुम्हाआम्हा पाहुण्यांना ‘ड्यूड’. ड्यूड कशावरही विश्वास ठेवतात, हे सॅव्हेजना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे अस्वलं, झरे आणि दरोडेखोर यांच्याबद्दल तो जे सांगेल त्यातलं निम्मंच पदरात घ्या. अडचण एवढीच, की खरं निम्मं कोणतं ते कळत नाही.

आता वास बदललाय. घोड्यांचा घाम आणि तापलेलं कातडं यांच्यावर गंधक चढलाय. वज्रेश्वरीच्या कुंडांवर गेला असाल तर नाक ओळखीचं हसेल. झाडी विरळ होते, जमीन पांढरी पडते आणि उन्हात डोळे दिपतात. काळा चष्मा कशासाठी, ते आत्ता समजलं. डावी-उजवीकडे भुईतून वाफा निघताहेत, कुठे बुडबुड, कुठे फुसफुस. घोडे मात्र मान खाली घालून चालले आहेत. त्यांनी हे सगळं रोज पाहिलंय.

आणि मग वळणावर ते दिसतं. आधी नुसतं छपरच दिसतं. उतरतं, अजस्र, लाकडी फळ्यांनी मढवलेलं, त्यातून वेड्यावाकड्या जागी बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या, आणि अगदी शेंड्यावर फडफडणारी निशाणं. ओल्ड फेथफुल इन. उघडून पाच वर्षं झाली आहेत. आसपास गाव नाही, बाजार नाही. आहे ते पाइनचं रान, आणि अधूनमधून आकाशात पाणी उडवणारी जमीन.

गाडी ओसरीखाली थांबते न थांबते तोच हॉटेलची पोरं ब्रश आणि छोट्या केरसुण्या घेऊन धावत येतात. हात वर करा, गिरकी घ्या. तुमचा पाठपोट फुफाटा झाडला जातो, तो शेजारच्याच्या तोंडात जातो, त्याचा तुमच्या तोंडात. पाय जमिनीला लागलेत, पण गुडघे अजून गाडीतच हलताहेत.

समोरचा लाल दरवाजा ढकला. एका हाताने नाही, खांदा लावा. जाडजूड फळ्या, त्यांवर लोहाराने ठोकलेल्या काळ्या पट्ट्या आणि बिजागऱ्या. आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, कारण बाहेरचं पांढरं ऊन अजून डोळ्यांत आहे. जाणवतो तो फक्त वास: राळेचा, लाकडाच्या धुराचा, ओल्या लोकरीचा, आणि कुठूनतरी कॉफीचा.

आता मान वर करा. अजून वर. टोपी सांभाळा, इथे बऱ्याच जणांच्या पडतात. छपराचा कणा तुमच्या डोक्यावर ७६ फुटांवर आहे. मधे सज्ज्यांवर सज्जे, त्यांना जोडणारे अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यांचे जिने, आणि सगळ्या खांबांना आधाराला लावलेल्या वाकड्यातिकड्या फांद्या. एकीचा बाक दुसरीला नाही. रानात हिंडून, वेचून आणलेल्या आहेत त्या. खिडक्यांची तावदानं चौकटी-चौकटींची, आणि खिडक्याही अशा विस्कळीत ठेवलेल्या की प्रकाश तुकड्या-तुकड्यांनी खाली उतरतो. खांबाला हात लावून बघा. साल अजून तशीच आहे, खरखरीत. नखाने थोडी टोकरलीत तर तपकिरी भुगा बोटावर येतो. पुढे कधीतरी कोणीतरी धुळीला कंटाळून हे सगळे ओंडके सोलून काढणार आहे, पण ते १९४० साली. आज खांबाला पाठ टेकलीत तर कोटाला राळ चिकटेल, एवढंच ध्यानात ठेवा.

कोपऱ्यातला तो दगडी डोंगर म्हणजे चूल. एक नाही, आठ: चार मोठ्या आणि चार लहान, एकाच धुरांड्याभोवती. जवळच्याच खाणीतून आणलेला ५०० टन दगड त्यात बसवलाय. त्यावर टांगलेलं घड्याळ बघा, लोखंडी, अवाढव्य, लंबकच १४ फुटांचा. हे घड्याळ, दरवाजाची ती कडी, चुलीत लाकडं पेलणारे सळयांचे घोडे, सगळं जॉर्ज कोलपिट्स नावाच्या लोहाराने घडवलंय. आणि या साऱ्याचा नकाशा काढणारा रॉबर्ट रीमर, काम हाती घेतलं तेव्हा तिशीच्याही आतला. कारागिरांनी हे उभं केलं तेही इथल्या हिवाळ्यात, जेव्हा माणसं सोडा, म्हशीएवढाले गवेसुद्धा गरम झऱ्यांच्या कडेला जाऊन उभे राहतात.

पण जरा त्या खांबावरच्या मेणबत्त्यांकडे निरखून पाहा. ज्योत हलत नाही. त्या मेणबत्त्या नाहीतच, विजेचे दिवे आहेत. आणि भिंतीपाशी ते काय सुस्कारतंय? वाफेचे नळ. रीमरची सगळी गंमत इथे आहे. बाहेरून आदिमानवाची गुहा, आतून वीज आणि वाफ. शहरातून आलेल्या माणसाला रान हवं असतं, पण रानात पाय गार पडलेले चालत नाहीत. तुम्ही आत्ता चुलीसमोरच्या आरामखुर्चीत पाय पसरून ‘अहाहा, खरं निसर्गजीवन’ म्हणालात ना? तेच.

नाव नोंदवा. मागच्या रांगेतल्या गृहस्थांना न्हाणीघर असलेली खोली हवी आहे. कारकून इतकं गोड हसतो की त्यांना आपोआप उत्तर कळतं. न्हाणीघर बोळाच्या टोकाला, सगळ्यांचं मिळून. तुमची खोली वर आहे. लाकडी भिंती, लोखंडी पलंग, हात-तोंड धुवायचा ओटा, त्यावर चिनी मातीचं भांडं आणि पाण्याचा जग. पलंगाखाली काय आहे, ते रात्री लागेल तेव्हा वाकून बघा. तोंडावर पहिलं पाणी मारा. भांड्यातलं पाणी चिखलाच्या रंगाचं होतं. दुसऱ्यांदा मारा, आता चहासारखं. तिसऱ्यांदा आरशात एक माणूस दिसतो. नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला, बाकी ठीक.

तेवढ्यात खाली धावपळ. जिन्यावर बुटांची खाडखाड, "चला, चला!" हातातला टॉवेल तसाच घेऊन पळा.

ओल्ड फेथफुल हा गायझर हॉटेलच्या दारातच आहे म्हणा ना. तासा-सव्वा तासाने तो उसळतो, म्हणून तर त्याला विश्वासू म्हणतात. लोक पांढऱ्या कातळावर अर्धवर्तुळ करून उभे आहेत: झगे सावरणाऱ्या बायका, खिशातली घड्याळं पुन्हा पुन्हा काढून बघणारे पुरुष, आणि हातात बंदूक घेतलेला एक घोडदळाचा शिपाई. या उद्यानाची राखण लष्कराकडे आहे. आत येताना प्रवाशांच्या बंदुकांना मोहोर लावली जाते, आणि इथला शिपाई तुमच्या खिशातल्या चाकूवर डोळा ठेवून असतो. कातळावर नाव कोरायची हौस ड्यूड मंडळींना फार. सापडलात तर घासायला तुम्हालाच बसवतील.

आधी नुसती वाफ. मग एक उचकी, पाव मिनिटाची, आणि पाणी खाली. गर्दी कुरकुरते. पुन्हा उचकी. एक मुलगा म्हणतो, "बिघडलाय." आणि मग पायाखालची जमीन घुमते. कानाआधी तळव्यांना ते कळतं. पाण्याचा खांब वर जातो, थांबेल असं वाटतं, थांबत नाही. शंभर फूट, सव्वाशे, कधी १८० च्याही वर. उकळतं पाणी कोसळताना टाळ्यांच्या गजरासारखा आवाज करत नाही, ते गुरगुरतं. वारा फिरतो आणि गंधकाची कोमट फुई तुमच्या तोंडावर येते. तुम्ही मागे सरता, शेजारच्या बाई तुमच्या पायावर सरतात. दोन-चार मिनिटं हे चालतं आणि मग, काहीच झालं नाही अशा थाटात, सगळं बंद. कातळावरून गरम ओघळ वाहताहेत. त्यात पाय बुडवायचा विचार करताय? करू नका. इथे सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं हे खरं, पण पायाला तो फरक कळत नाही.

आता घंटा. जेवणाची. गर्दी गायझरपेक्षाही जास्त वेगाने हलते.

भोजनगृहातही ओंडके, चूल आणि लांबच लांब टेबलं. आपलं बिऱ्हाड वेगळं मांडायची सोय नाही. डावीकडे ओहायोचे शिक्षक, उजवीकडे जर्मन नवपरिणीत जोडपं, समोर एक आजीबाई, ज्यांनी युरोप पाहिलाय आणि ते विसरू देत नाहीत. पानात तळ्यातला ट्राउट मासा, लोणी लावलेला पाव, बटाटे, डब्यातला वाटाणा, जाड काचेच्या पेल्यात दूध. शाकाहारी असाल तर बटाटे आणि वाटाणा मागा, आणि परत मागा, कोणी वाईट मानत नाही. वाढणाऱ्या मुली एका हातावर चार-चार थाळ्या पेलत पळतात. यांतल्या बऱ्याच सुट्टीत कमाईला आलेल्या कॉलेजच्या पोरी. तुम्ही "जरा मीठ" म्हणेपर्यंत एक जण तीन टेबलं ओलांडून गेलेली असते. थाळ्यांचा खणखणाट, खुर्च्या ओढल्याचा चर्र आवाज, आणि सगळ्यांचा एकच विषय: कोणाची गाडी कुठे रुतली.

जेवण उरकलं की घाई करा. अस्वलांची वेळ झाली.

हॉटेलच्या मागे, झाडांच्या कडेला, स्वयंपाकघराचा उकिरडा आहे. अंधार पडायच्या आत निम्मं हॉटेल तिथे रांगेने उभं असतं, सिगार पेटवून, शाली पांघरून. वास सांगू? सडलेली कोबी, माशांची डोकी, करपलेली चरबी, आणि त्यावर पाइनचा गारवा. एक काळं अस्वल येतं, मग दुसरं, मग पिल्लांसकट तिसरं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालतं, डबा अडकतो, मान झटकतं, खणण्! सगळे हसतात. ओहायोचे शिक्षक दोन पावलं पुढे जातात. अजून एक. शिपाई त्यांच्या नावाने नाही, जातीने हाक मारतो: "ड्यूड! मागे!" आणि त्याच क्षणी काळी अस्वलं एकदम पांगतात. रानातून एक मोठं, करडं, खांद्यावर वशिंड असलेलं धूड बाहेर येतं. ग्रिझली. हसणं थांबतं. तुमच्यात आणि त्याच्यात कठडा नाही, जाळी नाही, पन्नासेक पावलं आणि त्याची भूक आहे. ते एक हाड उचलतं आणि चावतं. त्या आवाजावरून तुमच्या लक्षात येतं, की रीमरने घडवलेलं रान आणि हे रान यांत फरक काय आहे.

आत चला, हात गार पडलेत. जुलै असला तरी इथली रात्र जुलै मानत नाही.

आत मात्र जत्रा आहे. मोठ्या चुलीपुढे पोरांचा घोळका. लांब दांड्याच्या प्रचंड लोखंडी पेटाऱ्यात मक्याच्या लाह्या फुटताहेत, ताडताड, आणि लोण्या-मिठाचा वास तिसऱ्या सज्ज्यापर्यंत पोचलाय. ओंजळ पुढे करा, पण फुंकर मारून खा. तेवढ्यात वाद्यं ऐकू येतात, आणि तुम्ही इकडेतिकडे बघता. इथे नाही. वर बघा. छपराच्या अगदी खाली, फांद्यांच्या जाळ्यात, पक्ष्याने बांधावं तसं एक लाकडी घरटं आहे, आणि वादक तिथे चढून बसलेत. व्हायोलिन घेऊन हे लोक एवढे जिने चढले कसे, आणि चढल्यावर दम कधी खाल्ला, हे त्यांनाच ठाऊक. सूर वरून खाली ठिबकतात, आणि खाली जुन्या ओळखी नसलेली माणसं एकमेकांच्या कमरेत हात घालून वॉल्ट्झ नाचताहेत. आल्या आल्या एकमेकांच्या तोंडावर धूळ झाडणारी हीच ती माणसं.

तुम्हाला एक माहीत आहे, जे त्यांना नाही. १९५९ सालच्या एका ऑगस्टच्या रात्री भूकंप या धुरांड्याला हिसका देणार आहे आणि त्या घरट्यात चढायला लोकांना बंदी होणार आहे. बोलू नका. बिचारे छान वाजवताहेत.

नाचायचं नसेल तर सज्ज्यावर जा. तिथे लिहायची छोटी मेजं आहेत, प्रत्येकावर दिवा, आणि एकमेकांच्या पत्रात डोकावता येऊ नये म्हणून मधे पडदी. सगळे वाकून लिहिताहेत. निबांची कुरकुर ऐकू येते. तुमच्यासमोर रंगवलेलं पोस्टकार्ड आहे, त्यावर ओल्ड फेथफुल. काय लिहाल? शेजारी पडदीपलीकडे डोकावलात तर कळेल, सगळ्यांनी तेच लिहिलंय: "हवा उत्तम, अस्वलं पुष्कळ, रस्ते भयंकर."

दहाच्या सुमाराला "प्रकाशझोत!" असा ओरडा होतो. छपरावर एक मोठा विजेचा दिवा बसवलाय. तो फिरतो, झाडांच्या शेंड्यांवरून सरकतो, आणि उसळणाऱ्या ओल्ड फेथफुलवर येऊन थांबतो. काळ्या आकाशात पांढरं पाणी, त्यात निळसर कडा. मग झोत उकिरड्याकडे वळतो. दोन हिरवट डोळे चमकतात, आणि विझतात. वा, काय खेळ, असं मागून कोणीतरी म्हणतं. गायझर आणि अस्वल यांना मात्र कोणी तालीम दिलेली नाही.

खोलीत जा. भिंती पातळ आहेत. उजवीकडचे गृहस्थ घोरताहेत, डावीकडचं जर्मन जोडपं कुजबुजतंय, वरून कोणीतरी एक बूट टाकलाय आणि तुम्ही दुसऱ्याची वाट बघताय. वाफेचा नळ ठोके देतो. उघड्या खिडकीतून गंधक आणि गारठा एकत्र येतात, म्हणून खिडकी लावता, मग राळेचा वास दाटतो, म्हणून उघडता. लोकरीची दोन्ही पांघरुणं ओढून घ्या. पडल्या पडल्याही शरीर गाडीत हलत राहील, त्याला इलाज नाही.

सकाळ. दारावर थाप, गरम पाण्याचा जग. खिडकीच्या काचेवर दव नाही, हिमाची जाळी आहे. खाली पोटभर न्याहारी: पॅनकेक, काकवीसारखा गोड पाक, कॉफी. बाहेर गाड्या रांगेने लागल्या आहेत, घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफ निघतेय, झऱ्यांतून निघते तशीच. गाडीवान सामान बांधतो. डगले पुन्हा अंगावर. झाडलेला फुफाटा त्यांच्या घड्यांत कालचाच आहे.

आजचा रस्ता थम नावाच्या तळ्याकाठच्या मुक्कामाकडे जातो, जलविभाजकाच्या चढावरून, दाट रानातून. गाडीवान घोड्यांना इशारा देतो आणि सहजच म्हणतो, "गेल्या वर्षी ऑगस्टात याच रस्त्यावर एका माणसाने सतरा गाड्या लुटल्या. एकट्याने. एका सकाळीत."

सॅव्हेजची थाप? नाही. हे खऱ्या निम्म्यातलं आहे. मागच्या गाडीला पुढचीची धूळ खावी लागू नये म्हणून गाड्यांमधे चांगलं अंतर ठेवतात. त्या अंतराचा फायदा त्याने घेतला: एक गाडी थांबवायची, रिकामी करायची, पुढे हाकलायची, तोवर वळणावरून दुसरी. मागच्यांना पत्ता नाही. तो अजून सापडलेला नाही.

गाडीत क्षणभर शांतता. मग ओहायोचे शिक्षक वाकून बुटाची नाडी सोडतात, पैशाचं पाकीट मोज्यात सरकवतात. आजीबाई अंगठ्या काढून केसांच्या अंबाड्यात खोचतात. तुम्हीही खिसे चाचपता.

पण आता खरं सांगा. वीज झाली, वाफ झाली, लाह्या झाल्या, दिव्याच्या उजेडातलं अस्वलही झालं. गाडी पहिल्या वळणाला लागतेय, झाडी दाटतेय, आणि मोज्यात पाकीट लपवून बसलेल्या या अकरा जणांत एकही असा नाही, की जो मान लांब करून झाडांमागे बघत नाही. घरी सांगायला काहीतरी हवं ना! तुम्हीही बघताय. फक्त घड्याळ तेवढं आधी बुटात टाका.